आहेरात आलेलं झाड

केदारखेड्यात माणूस जन्माला आला की टोपी, त्याचं जावळ काढलं की टोपी, लग्नात टोपी, घर बांधलं तर टोपी, आणि साठी गाठलीच तर टोपीसोबत टॉवेलही. डोकं केवढं आहे हे कुणी पाहत नाही. जुन्या जालन्यातून डझनाच्या भावानं आलेली ती पांढरी टोपी सत्कारमूर्तीच्या टाळूवर क्षणभर टेकते, टाळ्या होतात, आणि मग ती त्याच्या घरच्या पेटीत पुढच्या सत्काराची वाट पाहत पडून राहते.

भुजंग गुरुजींच्या पेटीत अशा एकसष्ट टोप्या होत्या. सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोनं, उषाबाईंनी, ती पेटी अंगणात उपडी केली, तेव्हा एका टॉवेलाच्या कोपऱ्यावर जांभळ्या शाईचा डाग निघाला. डाग गुरुजींच्या ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी तो त्यांच्याच दौतीतून पडला होता, आणि घडीत लपवून तो टॉवेल त्यांनी सरपंच अण्णासाहेबांच्या सत्काराला नेला होता. कुठं कुठं हिंडून, कुणाकुणाच्या खांद्यावर मिनिटभर बसून, तो स्वतःच्या घरी परतला होता.

"निदान ह्यो तरी वाट चुकला न्हाई," उषाबाई म्हणाल्या.

गुरुजींना हसू आलं नाही. दिलेली वस्तू आपलं घर शोधत येते, हे काही बरं लक्षण नव्हे. त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, की आजपासून भुजंग गुरुजी टोपी देणार नाहीत. ते झाड देतील.

झाड दारातच होतं. औरंगाबादच्या प्रशिक्षणावरून डालड्याच्या डब्यात आणलेलं बुचाचं झाड. उंच, सडसडीत, नवऱ्यामुलासारखं ताठ. दसऱ्यापासून ते फुलायला लागे. लांब देठाची पांढरी फुलं. सुई नको, दोरा नको, देठात देठ गुंफले की वेणी तयार. उजाडताना अंगण असं पांढरं होई, की दूध घालणारा गडी चपला हातात घेऊन आत येई. वासही असा, की गल्लीच्या तोंडाशी माणूस थबकायचा आणि मागं वळून पाहायचा, कुणी हाक मारली म्हणून.

आणि रोपं करायचे कष्ट नव्हतेच. बुचाच्या मुळांतूनच धुमारे फुटत. आज दोन, उद्या पाच. गुरुजी ते मुळासकट काढायचे, पिशवीत घालायचे आणि लग्नाला निघायचे.

आहेराचा कायदा सगळ्या गावाला पाठ असतो. तो नाकारायचा नसतो, विकायचा नसतो, फेकायचा तर मुळीच नसतो. फक्त पुढं द्यायचा असतो. टोपी वर्षभर पेटीत थांबते. बूच थांबत नाही. पुढच्या लग्नापर्यंत ते पिशवी फाडून जमिनीत उतरलेलं असे. मग नाइलाजानं त्याला दारातच जागा द्यावी लागे, आणि त्याचे धुमारे पुढच्या आहेराला जात. दोन वर्षांत बूच मारुतीच्या पारापासून शाळेच्या कुंपणापर्यंत पोचलं. गुरुजींना तालुक्याला बोलावून 'वृक्षमित्र' म्हणून प्रमाणपत्र दिलं गेलं. पेपरात फोटो छापून आला. त्यात खोरं पूर्ण आलं होतं, गुरुजी गळ्यापर्यंतच आले होते.

गल्लीपलीकडे, तीस पावलांवर, गोजरबाईचं घर. एकटी बाई, तीस वर्षांपासून विधवा, मूल नाही, पाठचा भाऊ नाही. मातीच्या भिंतींचं, मातीच्याच धाब्याचं एक खोलीचं घर, आणि मागच्या भिंतीला लागून गोड्या पाण्याचा आड. पहाटे तिचं जातं सुरू झालं की गल्ली जागी होई. दर भाऊबीजेला ती गुरुजींना ओवाळायची, आणि गुरुजी ताटात खण घालायचे. त्या वर्षी त्यांनी ताटात बुचाचं रोप ठेवलं.

गोजरबाई बराच वेळ त्या रोपाकडं बघत राहिली. खण विरतो, हे वाढणार होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "जित्ता आहेर मला जन्मात कुणी दिला न्हाई."

तिनं ते आडाच्या काठाशी लावलं.

पाच पावसाळे गेले. आणि मग एका भर दुपारी, सगळी गल्ली पडवीत पडलेली असताना, उषाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मागं 'टक्' असा आवाज आला. शहाबादी फरशीच्या सांधीतून काहीतरी फणा काढून उभं होतं.

"आवं, नाग! नाग निघाला!"

गुरुजी काठी घेऊन धावले. नाग नव्हता. वीतभर उंचीचा, हिरवट पांढरा धुमारा होता. टोकाला दोनच पानं, जोडलेल्या हातांसारखी. बारा हात लांबच्या झाडाचं मूळ जोत्याखालून, भिंतीखालून चालत येऊन चुलीपाशी निघालं होतं. गुरुजींनी तो उपटला. मूळ ओढता ओढता हात दुखले, पण शेवट येईना. फरशीखालून कुणी उलट ओढावं तसं ते ताणलेलंच राहिलं. शेवटी विळीनं कापलं.

तिसऱ्या दिवशी त्याच जागी सात निघाले.

सल्ले देण्यात केदारखेड्याचा हात कुणी धरू शकत नाही. अण्णासाहेब म्हणाले, "गुर्जी, उकळतं पाणी घाला, जल्दी काम होतं." घातलं. उषाबाईंच्या पायावर फोड आले, झाडावर फुलं आली. लाकडं फोडणारा आणि आड उपसणारा कचरू म्हणाला, "खडं मीठ टाका, बराबर मरतंय." पोतंभर मीठ टाकलं. तुळस मेली, आणि गल्लीतल्या सगळ्या म्हशी अंगण चाटायला आल्या. कुणी म्हणालं मुळं तोडा. मुळं तोडली, तर तुटलेल्या प्रत्येक तुकड्यानं आपलं वेगळं बिऱ्हाड थाटलं.

बुचाचं लाकूड ठिसूळ. अण्णासाहेबांच्या दारातल्या झाडाची फांदी एकदा त्यांच्या जीपवर आली, तेव्हा वाऱ्याचं नाव नव्हतं. कडक ऊन, पान हलत नव्हतं. जीपखाली झोपलेलं कुत्रं त्याआधी घटकाभर उठून रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसलं होतं, आणि झाडाकडं बघत होतं.

"तुमच्या आहेरानं माझी जीप बसवली, गुर्जी," अण्णासाहेब म्हणाले. गुरुजींची मान खाली गेली. गावात आता त्यांना कुणी 'वृक्षमित्र' म्हणालं, की ते हाक ऐकू न आल्यासारखं करत.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत गुरुजी आणि उषाबाई कुंभार पिंपळगावला, उषाबाईंच्या माहेरी, महिनाभर राहिले. परत आले ते ऊन डोक्यावर असताना. मागच्या कोठीची कडी काढली, तर दार आत जाईना. आतून कुणीतरी हलक्या हातानं लोटून धरल्यासारखं. दोघांनी खांदा लावला तेव्हा ते हळूच उघडलं.

आत झाडं उभी होती. उजेड न मिळालेली, हिरवेपणाची खूण नसलेली, मेणबत्तीसारखी पांढरी. पुरुषभर उंच. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, वरच्या झरोक्याकडं. टोप्यांची पेटी त्यांनी खालून हातभर उचलली होती. झाकण निघालं होतं. एका धुमाऱ्याच्या टोकावर टोपी होती, दुसऱ्याच्या खांद्यावरून टॉवेल लोंबत होता, आणि बाकीचे भोवती गप्प उभे होते. बंद खोलीत, अंधारात, कुणाचा तरी सत्कार चालला होता, आणि हे दोघं मध्येच आले होते.

गुरुजी नकळत म्हणाले, "माफ करा," आणि दार ओढून घेतलं.

नंतर त्यांना स्वतःची फार लाज वाटली. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. उषाबाईंनी मात्र ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, यावरूनच त्या किती घाबरल्या होत्या ते कळावं.

त्याच आठवड्यात गोजरबाईच्या पोहऱ्यात केस आले.

केसच वाटले ते. तांबूस, बारीक, हातभर लांब, भिजलेले. पोहरा आडातून वर आला तो दाढी घेऊनच. आडाचं पाणीही दोन पुरुष खाली गेलं होतं. गल्लीतल्या बायकांनी पाणी भरायचं सोडलं. आडात कुणी केस सोडून बसलंय, असं त्या एकमेकींना सांगू लागल्या. गोजरबाईला भीती नव्हती. पोहऱ्यातले केस ती बोटांनी विंचरून बाजूला करायची आणि पाणी गाळून घ्यायची.

"भाऊ, त्यो पेऊन राह्यलाय," ती गुरुजींना म्हणाली. "पिऊ दे. तहानेला असंल."

गुरुजींनी कचरूला कमरेला दोर बांधून आडात सोडलं. आत गेलेला कचरू बडबडा होता. वर आलेला कचरू निमूट बसून बिडी पेटवत राहिला. तीन काड्या वाया गेल्या.

"काय रे, काय आहे खाली?" गुरुजींनी विचारलं.

"बांधकाम न्हाई गुर्जी. नुसती मुळं हायेत. एकेक दगड मुळाच्या मुठीत हाय." कचरू थांबला. "अन् खाली गार न्हाई वो. आडात गार असतं. तितं ऊब हाय. माणसाच्या कुशीत असती तशी."

मग दोघांनी घराची मागची भिंत पाहिली. भिंतीला पोट आलं होतं. कचरूनं तिच्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ही भिंत गेलेली हाय. श्रावणातली एक झड बसू द्या, धाबं खाली येतंय. म्हातारी ह्याच भिंतीला डोकं लावून निजती, गुर्जी."

आपण ताटात घातलेला आहेर एका म्हातारीच्या डोक्यावर कोसळणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. झाड तोडायचं, मुळं मरू द्यायची, भिंत नव्यानं बांधून द्यायची, असं ठरवून ते तिच्याकडं गेले.

गोजरबाईनं ऐकून घेतलं. मग झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"भावानं ताटात घातलेलं कापू? जित्या भावाच्या नावावर कुऱ्हाड? त्याला काप बसला अन् तुला काही झालं, तर मी कुणाला ओवाळू?"

"आक्का, झाडाचा अन् माझा काय संबंध? ती अंधश्रद्धा आहे."

"मंग मागल्या आठवड्यात त्याची फांदी मोडली, तवा तुझा खांदा का धरला?"

खांदा धरला होता खरा. गुरुजींनी घरी येऊन हे हसत सांगितलं. उषाबाई हसल्या नाहीत.

"आवं, नका तोडू."

"तू सुद्धा?"

"आक्काचं खरं निघालं तर? तुमची पेन्शन बसायला अजून सहा वर्सं हायेत."

मग गुरुजींनी सरकारकडं धाव घेतली. लेखी हुकूम आला तर आक्का ऐकेल, असा त्यांचा हिशेब. तालुक्याच्या कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

"झाड तुमचं?"

"दिलेलं. आहेरात."

"म्हणजे देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?"

"घेणाऱ्याचं. पण धोका..."

"घेणाऱ्याची सही कुठंय? अन् संख्या लिहिली न्हाई. किती झाडं?"

"एकच आहे. म्हणजे मुळं एक. वर बरीच."

कारकुनानं चष्मा काढला. "गुर्जी, तुम्ही वृक्षमित्र ना? फोटो आल्ता तुमचा. टोपी न्हवती घातली."

"डोकंच नव्हतं आलं," गुरुजी म्हणाले.

पाहणीला एक साहेब आले. आडाभोवतीच्या प्रत्येक धुमाऱ्याला खडूनं खूण करत त्यांनी एकेचाळीस मोजले, वहीत लिहिले, चहा घेतला. निघताना सवयीनं पुन्हा मोजले. बेचाळीस. तिसऱ्यांदा मोजले तेव्हाही बेचाळीस, आणि बेचाळिसाव्यालाही खडूची खूण होती. साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी साहेबांकडं. "तुम्ही केली?" "नाही साहेब, तुम्हीच." साहेबांनी वही मिटली. जाताना मात्र फुलांना फार वास असतो असं ऐकलंय म्हणून क्वार्टरच्या दारात लावायला एक रोप मागून नेलं. महिन्यानं हुकूम आला. त्यात शाळेच्या आवारातला निंब तोडायला परवानगी होती.

तोवर श्रावण लागला होता. झड बसली. तीन दिवस आभाळ गळत होतं. गुरुजी खिडकीपाशी बसून गोजरबाईच्या धाब्याकडं पाहत राहायचे. जेवण जाईना. बुचाचा मोसम नव्हता, तरी घरात वास यायचा; दारं लावली की जास्त यायचा. त्या झडीतही पहाटेचं जातं चुकलं नव्हतं, आणि पावसातून ओवी येत होती:

*दारी उभा गं बाई, पांढऱ्या शेल्याचा पाहुणा*
*पाणी पितो माझ्या आडाचं, नाव पुसता बोलंना*

गुरुजींनी कानावर पांघरूण ओढलं. उषाबाई मात्र उठून बसल्या आणि दुसरी ओवीही ऐकली:

*तीस वर्सं झाली बाई, रोज वाट मी पाहते*
*मुराळ्याच्या नावानं, माझा उंबरा सारवते*

"आयकलं का?" उषाबाईंनी नवऱ्याला हलवलं. "तुम्ही अर्ज करून राह्यलात. ती काय मागून राह्यली, ते कुणी आयकलं का?"

"काय मागते?"

"मुराळी! पंचमी उद्यावर आली. सासरच्या बाईला माहेरी न्यायला भाऊ येतो, मुराळी व्हतो. तिला आजवर कुणी न्यायला आलं न्हाई. भिंत पडणार म्हणून घर सोड म्हणलं, तर ती मरंल पण निघायची न्हाई. भाऊ न्यायला आला, तर कोणती बाई थांबती वो?"

गुरुजींनी पांघरूण बाजूला सारलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या प्रशिक्षणात हे सांगितलं नव्हतं.

सकाळी कचरूची बैलगाडी आली. अण्णासाहेबांनी आपला फेटा दिला, आणि जीपचं दुःख विसरून स्वतः बांधूनही दिला. तीस पावलांचं अंतर. पण गल्ली अरुंद, गाडी वळेना, म्हणून मुराळी वेशीबाहेरून, मारुतीला वळसा घालून, चिखलात दोनदा रुतून, अर्ध्या तासानं बहिणीच्या दारात पोचला. फेट्याचा रंग पावसात उतरून गुरुजींचे कान गुलाबी झाले होते.

"आक्का, पंचमीला न्यायला आलो."

गोजरबाई उंबऱ्यात आली. फेटा पाहिला, गाडी पाहिली. मग एकदम तिला बायकांचे सगळे नखरे आठवले.

"घर कसं सोडू? कामं पडलीत. चार दिसाच्या वर ऱ्हाणार न्हाई."

"चारच दिवस."

"अन् मला परत सोडायला यावं लागंल. गाडीतून."

"गाडीतून."

तिनं एक लुगडं बोचक्यात बांधलं. निघताना मागच्या भिंतीपाशी गेली. काहीतरी पुटपुटली. गुरुजींना एवढंच ऐकू आलं, "येते मी." गाडी हलली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात आल्या, आणि सासरी निघालेल्या पोरीसारखं नव्हे, माहेरी निघालेल्या पोरीसारखं ती म्हातारी ताठ बसली.

तीन दिवस ती गुरुजींच्या घरी राहिली. उषाबाईंनी तिला न्हाऊ घातलं, पुरणाचे दिंड केले, हातावर मेंदी लावली. रोज ती म्हणायची, "घर एकटं हाय, उद्या जाईन."

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. दुपारी लख्ख ऊन पडलं, सगळीकडून वाफ निघू लागली. आणि त्या शांततेत आवाज आला. धडाका नव्हता. लांब, दमलेला सुस्कारा होता, ओझं खाली ठेवल्यावर माणूस टाकतो तसा.

सगळे धावले. धाबं खाली आलं होतं. जिथं तिची बाज होती, तिथं कमरेएवढी माती होती. बूच तसंच उभं होतं. आणि भिंतीच्या जागी, भिंतीएवढीच उंच, मुळांची जाळी उभी होती. माती गळून गेलेली, जाळी शाबूत. बोटांत बोटं गुंफलेल्या हातांसारखी. मधोमध भिंतीतला कोनाडा त्या बोटांनी धरून ठेवलेला. कोनाड्यात तेलाची पणती. गुरुजींनी वाकून पाहिलं. एवढं घर पडलं, पण तेल सांडलं नव्हतं.

गुरुजींनी घसा साफ केला. काळी माती फुगते, मुळं भिंत फोडतात, आणि तीच मुळं काही काळ भिंत धरूनही ठेवतात, पावसानं माती सुटली की... त्यांना सगळं ठाऊक होतं. ते वाकून पुन्हा पणतीकडं पाहू लागले.

गोजरबाई मातीच्या ढिगाकडं पाहत होती. बाजेच्या जागेकडं. मग तिनं वर, झाडाकडं पाहिलं.

"कवाची पडायची व्हती ही भिंत. त्यानं धरून ठिवली व्हती. मी निघंपर्यंत." तिनं मेंदीचा हात बुंध्यावर ठेवला. "मी म्हणलं येते, तवा त्यानं सोडलं."

कचरूच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. ढिगाऱ्यातलं लाकूड काढायला आणलेली. गोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"आता काप," ती शांतपणे म्हणाली. "आता त्याला धरायला काही उरलं न्हाई. अन् आडाचं पाणी गल्लीला पायजे." मग गुरुजींकडं वळली. "चल भाऊ, घरी. उषा जेवायची थांबली असंल."

दोन महिने ज्या परवानगीसाठी गुरुजींनी चपला झिजवल्या, ती मिळाली होती. कचरूनं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. बुंध्यापाशी गेला, तळहात टेकवला, आणि मागं वळून विचारलं,

"गुर्जी, मारू का घाव?"

गुरुजींचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला. मग हळूच म्हणाले,

"पाऊस उघडू दे."

कचरूनं वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं, आणि केदारखेड्यावर लख्ख ऊन पडलं होतं. त्यानं कुऱ्हाड पुन्हा खांद्यावर घेतली आणि मान हलवली.

"व्हय गुर्जी," तो म्हणाला. "पाऊस लई हाय."